पागोट्या, सोंड्या आणि होडीतला माणूस

जगात डोंगर दोनच आहेत आणि बाकीचे सगळे उंचवटे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. तो म्हणजे माझ्या साडूचे थोरले चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांचे दादा. नोकरी दुबईत जबल अलीला, एका गोदामात सुपरवायझरची. जबल म्हणजे अरबीत डोंगर, पण तिथे डोंगर आहे तो फक्त नावात. पण त्यांच्या कोकणातल्या गावी डावीकडे पागोट्या आणि उजवीकडे सोंड्या असे दोन डोंगर आहेत. त्यांच्यामधल्या खिंडीतून नदी बाहेर पडते आणि तिच्या काठावर गाव आहे. या गावाचे जुने फोटो जमवणं हा दादांचा खरा उद्योग. नोकरी हा जोडधंदा.

गावात कधीकाळी बदलून आलेल्या मामलेदारांची नातवंडं, पुलाची पाहणी करायला आलेल्या इंजिनिअरची सून, अशा सगळ्यांना त्यांनी दुबईहून फोन करून भंडावून सोडलं आहे. सिलिकॉन ओएसिसमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की चहाच्या आधी आल्बम येतो. एकदा त्यांनी आपल्या इजिप्शियन मॅनेजरला जेवायला बोलावलं आणि सव्वा तास फोटो दाखवले. तो बिचारा पानापानाला "माशाल्ला" म्हणत होता. शेवटी त्यानेच "यल्ला हबीबी, खाना?" असं विचारलं तेव्हा वहिनींनी ताटं घेतली. मुलगी तर तोंडावर सांगते, "बाबा, इट्स द सेम हिल!" त्यावर दादा म्हणतात, "सेम कसा? यात सोंड्यावर वणवा लागून गेलाय. नीट बघ." आम्ही सगळे हत्ताला सहलीला गेलो होतो, तेव्हा तिथल्या डोंगरांकडे त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. "ठीक आहेत," ते म्हणाले, "पण नदी विसरले."

त्यांच्या दिवाणखान्यात चंदनाचा हार घातलेला एक फोटो आहे. त्यातही नदी, खिंड आणि दोन डोंगर. पहिल्यांदा तो पाहून मला हसू आवरेना. "दादा, डोंगराला हार?" मी विचारलं.

"वडील नावाडी होते तिथे," ते म्हणाले. "मी दीड वर्षाचा असताना गेले. त्यांचा फोटोच नाही रे. म्हटलं, निदान त्यांची जागा तरी भिंतीवर असावी."

कुठलाही नवा फोटो आला की दादांचं भिंग आधी पाण्यावर का फिरतं, ते मला त्या दिवशी कळलं. माझीच मला लाज वाटली. त्यानंतर मी आल्बम बघताना घड्याळ बघणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी त्या इंजिनिअरच्या सुनेने पुण्याहून एक मोठा फोटो पाठवला. होडी होती, होडीत लांब बांबू रेटणारा माणूसही होता. पण पागोट्या उजवीकडे आणि सोंड्या डावीकडे! दादा खवळले. "हे आमचं गावच नाही. कुणीतरी आमच्या गावाची नक्कल मारलीय. खलास! घेऊन जा तू हा, माझ्या डोळ्यांसमोर नको."

मी फोटो छातीशी, चित्राची बाजू बाहेर करून धरला आणि निघालो. खाली सोडायला दादा लिफ्टमध्ये आले. लिफ्टला भिंतभर आरसा आहे. दादांनी एकाएकी माझं मनगट गच्च धरलं. आरशात पागोट्या डावीकडे होता! छापणाऱ्याने निगेटिव्हच उलटी ठेवली होती.

"आणि याचे हात बघ," दादांनी आरशावर बोट टेकवलं. "हा डावखुरा झाला. बाबा डावखुरे होते, आई सांगते."

लिफ्ट खाली गेली, वर आली, परत खाली गेली. बाहेर उभे असलेले लोक आम्हाला बघून आत यायचे थांबले.

पण गावात नावाडी तिघे-चौघे होते, आणि फोटोतलं तोंड गव्हाच्या दाण्याएवढं. ओळखू शकणारं माणूस एकच उरलं होतं, दादांची ऐंशी ओलांडलेली आई. ती गावीच असते. "लावा की फोन," मी म्हणालो. "उद्या," दादा म्हणाले. असे आठ दिवस गेले. "आई नाही म्हणाली तर?" एवढंच ते एकदा बोलले.

शेवटी एका शनिवारी दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. सरळ करून छापून घेतलेला फोटो फोनसमोर धरला. एक बाजू मी धरली.

"आई, होडीत कोण आहे बघ."

म्हातारी पुढे वाकली. मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून नीट सारखा केला.

"ह्ये अजून उन्हातच उभे हायत की रं," ती म्हणाली.

साठीला आलेल्या आमच्या दादांनी होडीतल्या त्या माणसावर आपल्या तळहाताची सावली धरली.