कोर्टाचं मागचं दार

तालुक्याचं नवं कोर्ट बांधलं तेव्हा त्याच्या विटा मी वाहिल्या. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. माझा दावाही त्याच कोर्टात होता. नवरा मेल्यावर त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या भासऱ्यानं, माझ्या वाट्याचं शेत स्वतः पेरायला घेतलं. तारीख नसेल त्या दिवशी मी कोर्टाच्या कामावर घमेलं उचलायची.

जुनं कोर्ट कौलारू होतं आणि त्याला दोन दारं होती. पुढच्या ओट्यावर पुरुष बसत, मागच्या ओट्यावर बाया. आमच्यात भासऱ्यासमोर बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. भांडण असलं तरी नाही. शिपाई पुढच्या दारात एकदा नाव पुकारायचा, मग मागच्या दारात येऊन एकदा. तसा काही नियम नव्हता. दार होतं म्हणून तो यायचा.

एकदा इंजिनीअर विटांच्या थप्पीवर निळा नकाशा पसरून मुकादमाला समजावत होता. समोर खांब, रुंद पायऱ्या, मधोमध एकच मोठं दार. मागे नुसती भिंत, कारण तिकडे कागदपत्रांची खोली. मी घमेलं खाली ठेवलं.

"साहेब, मांगचं दार कोठी हाय?"

"कोर्टाला मागचं दार कशाला? आरोपी पळवायला?"

"मंग बाया कोठी बसतीन?"

"व्हरांड्यात. सगळे बसतात तिथंच. कायद्यापुढे सगळे सारखे, बाई."

मुकादम म्हणाला, "साहेब, इले खुर्ची द्या. आता नकाशा हेच काढते!"

सगळे हसले. माझ्याबरोबरची बाई कानाशी येऊन म्हणाली, "तू काहून बोलली वं? उद्या कामावरून काढीन ना तो." मी घमेलं उचललं. मागची भिंत दीड विटेची झाली, दगडासारखी.

नव्या इमारतीत माझी पहिली तारीख लागली तेव्हा वकील बाहेरगावी गेला होता. त्याचा कारकून म्हणाला, "पुकारा झाला का आत जा अन् हजर म्हना. बाकी काई नाई."

व्हरांड्यात एकच लांब बाक होता. त्यावर भासरा बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. मी पदर ओढला आणि इमारतीच्या मागे गेले. भिंतीला पाठ टेकून बसले. ज्या माणसावर दावा लावला, त्याच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती. तिथं सावली चांगली होती.

ऊन भिंतीवर आलं तेव्हा उठून पुढे गेले. कारकून पायऱ्यांवरच भेटला.

"कोठी होत्या बाई? तीनदा पुकारलं. साहेबानं दावा काढून टाकला ना!"

वकिलानं दावा परत चालवायचा अर्ज केला. त्या तारखेला न्यायाधीशांनी मला विचारलं, "आवारातच होतात म्हणता, मग ऐकू कसं आलं नाही?"

"भित लय जाड हाय साहेब. इटा मीच वाह्यल्या."

मागे लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खाली मान घालून लिहिलं आणि अर्ज नामंजूर झाला.

इंजिनीअरला मी अजून शिव्या देते. पण मागं दार नाही हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

त्या दिवशी अर्ज नामंजूर झाल्यावर बाहेर आले. समोर बाक दिसला, बसले. दुसऱ्या टोकाला भासरा होता, हे बसल्यावर कळलं. मी उठले नाही. तोच उठला. भावजयीसोबत एका बाकावर त्यालाही बसता येत नव्हतं. टोपी घातली आणि पायऱ्या उतरून उन्हात जाऊन उभा राहिला.

पहिल्या तारखेला मी बसले असते तर तो तेव्हाही उठला असता.