आप्पांच्या उसाची नोंद

साखर कारखान्याच्या गट ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमचं ऑफिस पलूसजवळ. फिल्डमन शेतावर जाऊन ऊस लागणीची नोंद हातातल्या मशीनवर करतो. संध्याकाळी ते मशीन केबलनं माझ्या कॉम्प्युटरला जोडलं की नोंदी इकडे उतरतात. लागणीच्या तारखेवर तोडीचा नंबर ठरतो; नोंद उशिरा झाली की नंबर मागे. त्यामुळे एखादी नोंद उतरली नाही की पहिला संशय फिल्डमनवर, दुसरा माझ्यावर! माझा म्हणाल तर सगळ्यांवरच असतो.

*

मशीन चार, केबल एकच. ज्याचं अडकेल तो आधी वापरणाऱ्याकडे डोळे वटारून बघायचा. शेवटी सुरेश फिल्डमननं स्वतःची केबल आणली आणि ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवू लागला. एक दिवस त्याचं मशीन जोडलंच जाईना. बघितलं तर केबलच्या टोकाला लसणाची चटणी!

"ह्यो तानाजीचाच डाव हाय," सुरेश दुसऱ्या फिल्डमनकडे बघत म्हणाला.

डबा सुरेशचा, चटणी त्याच्या घरची!

*

तानाजी आमचा सगळ्यात श्रद्धाळू फिल्डमन. खंडेनवमीला त्यानं चारही मशीनची पूजा केली, हळदीला हात आखडला नाही. दुसऱ्या दिवशी चारही बंद. मी सुईनं टोकरलं, तर केबल लावायच्या भोकातून हळदच हळद.

"गड्या, भोक तरी सोडायचं की रं!"

"मग निवद कुठनं दावायचा?" तानाजी शांतपणे म्हणाला.

*

त्याचं मशीन त्यानंतर सुधारलंच नाही. तीनदा एसटीनं साताऱ्याला कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं. तिथं चालायचं, इथं बंद! "तुमच्याकडेच कुणीतरी काहीतरी करतंय," तिथला इंजिनिअर फोनवर म्हणाला. मला वाटत होतं, हाच करतोय. शेवटी तो स्वतः आला. केबल लावली, पहिल्या झटक्यात चालू! चहा घेऊन तो स्टँडवर पोचलाही नसेल, मशीन पुन्हा ठप्प.

तानाजी म्हणाला, "त्यास्नीच ठिवून घ्याय पायजे हुतं."

*

बाळगोंडा आप्पा म्हणजे आमचे जुने ऊस उत्पादक. नोंदी उतरताना ते माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. एकदा वायरीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यातनं जाताना माझं नाव मधीच कोण काढून घेत न्हाई न्हवं?" बायको, पद्माकाकू, मांडीवर पिशवी घेऊन बाकावर गप्प बसलेल्या असतात. मागच्या साली या संशयापायी आप्पांनी नोंदच उशिरा दिली, नंबर मागे गेला. ऊस भर उन्हाळ्यात तुटला, वाळून हलका झाला.

*

यंदा तानाजीला नवं मशीन मिळालं. तरीही आप्पांची नोंद दोनदा उतरली नाही. बाकी सगळ्यांच्या उतरल्या!

"कुणाचा तरी नंबर पुढं घ्यायला ह्यानं माझा मागं ढकललाय," आप्पांनी साहेबांकडे तक्रार केली.

"तिसऱ्यांदा असं झालं तर उद्यापासून येऊ नकोस," साहेबांनी तानाजीला सांगितलं. त्याची नोकरी हंगामी, घरात कमावता तो एकटाच. त्याचा चेहरा मला बघवेना. पण खोटं कशाला बोलू, संशय मलाही होता.

तिसरी नोंद साहेबांच्या देखत शेतात झाली. ऑफिसात सगळे जमले. केबल लावली. नोंदी उतरल्या, आप्पांचं नाव नाही. तानाजी भिंतीला टेकून खालीच बसला.

मी साताऱ्याला फोन लावला. इंजिनिअरनं विचारलं, "नाकारलेल्या नोंदींची यादी उघडली का?"

अशी यादी असते, हे मला पाच वर्षांत कळलं नव्हतं! उघडली. आप्पांचं नाव तीनदा. पुढे कारण: या शेताची नोंद आधीच झाली आहे. ही आधीची नोंद लागण झाली त्याच दिवसाची, सुरेशच्या मशीनवरून आलेली. नाव, पद्मावती बाळगोंडा पाटील.

सुरेश खिडकीतून बाहेर बघू लागला. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ही कुणी दिली?"

"मी," काकू बाकावरून म्हणाल्या.

"आनि मला सांगितलं न्हाईस?"

"आवं, सांगितलं असतं तर तुमी ती खोडाय लावली असती."