निळ्या भुईनळ्याचं पेटंट

ज्या घरात मोठी माणसं जास्त, तिथं किस्से जास्त. तेरखेड्याच्या आमच्या फटाक्यांच्या कारखान्यात तर बारुदीपेक्षा किस्स्यांचाच साठा मोठा! मी शाळा अर्ध्यात सोडून तिथं राबायला लागलो. राज्य निजामाचं होतं, आणि कारखान्यात काकांचं. दोन्हीकडं तोंड उघडायची सोय नव्हती.

काकांचा निळा भुईनळा पंचक्रोशीत एकच. येरमाळ्याच्या जत्रेचं काम त्याच्यावरच मिळायचं. पण भिंतीपलीकडं त्यांच्या साडूचा, निवृत्तीअण्णांचा कारखाना, आणि अण्णांचा कान कायम भिंतीला. निळा गेला की जत्रा गेली. म्हणून काकांनी धाराशिवहून वकील आणला.

*

वकीलसाहेबांनी समजावलं, की कृतीचं पेटंट वेगळं, आकाराचा हक्क वेगळा. अमेरिकेत म्हणे नव्या रोपाचंही पेटंट मिळतं. पण वस्तू नवी पाहिजे.

काकांनी छाती फुगवली. "आमच्या पाच पिढ्या हेच करतात!"

वकिलांनी टोपी उचलली. तसे काका फिरले. बापाला काय येत नव्हतं, समदं म्याच काढलं, असं सांगत सुटले. आजोबा ओसरीवरच होते. म्हणाले, "मग तुला बी तूच काढलं का?"

*

भूमहून आलेल्या आत्याच्या सासऱ्यांनी फक्त रोपाचं ऐकलं. पोरं चिंचा पाडतात म्हणून त्यांना दारातल्या चिंचेचं पेटंट हवं होतं. इथं तसलं मिळत नाही, आणि मिळालं तरी झाड नवं लागेल, असं वकील म्हणाले.

"नवंच हाय की. आधीचं वाळलं."

*

आकाराचा हक्क स्वस्तात होईल म्हणून काकांनी भुईनळा आंब्यासारखा घडवला. आठवड्यात अण्णांनी वांग्यासारखा काढला. काका भांडायला गेले, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "पावनं, बाजारात आंबं मागितल्यावर वांगी घेऊन घरी जाता का?"

काका परत आले आणि राग माझ्यावर काढला. ही आमच्याकडची जुनी रीत.

*

उरलं कृतीचं पेटंट. त्यासाठी सरकारला कृती खरी आणि पुरती सांगावी लागते, हे कळल्यावर काका दिवसभर जेवले नाहीत. "सांगायचीच असती, तर लपवली कशाला असती?"

शेवटी तोड काढली. वकिलांसमोर बसून कृती सांगितली, ती सगळी खोटी. वाळल्या कारल्याची पूड काय, हिंग काय, लई काही. मी शेजारीच कोळसा चाळत होतो. मला हसू आवरेना. वकिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून काका ओरडून सांगत होते. भिंतीपलीकडचा खलबत्ता थांबला.

जत्रेत अण्णांचा भुईनळा लागला. जांभळा! तो देवळाच्या कळसाएवढा चढला, आणि काकांचा निळा त्याच्यापुढं घासलेटच्या चिमणीसारखा दिसला. पंच म्हणाले, हा ज्याचा, जत्रा त्याची.

काका गर्दीत घुसले. "कृती माझी हाय!"

"व्हय?" अण्णा म्हणाले. "मग उद्या करून दावा."

काकांनी वकिलांना गाठलं. त्या दिवशी लिहून घेतलेलं वाचा म्हणाले. वकील म्हणाले, थापा मारताय हे दिसत होतं, म्हणून लिहिलंच नाही.

मग काका माझ्याकडं वळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं.

"तुझ्या तरी ध्यानात हाय का रं, म्या नेमकं काय खोटं बोललो व्हतो?"