सोफा थोडा पुढे

देवाने माणसाला डोळे दिले ते टीव्हीच्या पडद्यावरचे ठिपके बघायला, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला: सॉल्ट लेकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका. सरकारी बदलीने कोलकात्यात आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी एट-के टीव्ही आणला. कारण लपवलं नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीची एक जुनी कॅसेट त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आहे, तिच्यात काकू मोदक वाढताना हसतात. हलत्याबोलत्या काकू तेवढ्याच उरल्या आहेत. "फोर-केच्या चौपट ठिपके. तिची नथसुद्धा दिसेल," काका म्हणाले.

पण आधी टीव्हीची परीक्षा. जुना टीव्ही शेजारी ठेवलेला, दोन्हींवर समुद्रातले तेच रंगीत मासे. आलेल्या माणसाला पाणी नंतर. आधी त्याचा चष्मा काढून घ्यायचा आणि स्वतःच्या लुंगीने पुसून परत द्यायचा. सोफ्यावरून दोन्हीकडचे मासे सगळ्यांना सारखेच दिसत. काकांनी दोष सोफ्याला दिला. तो दर रविवारी थोडा पुढे येऊ लागला. टीपॉय बाल्कनीत गेला, पाहुणे चहाचा कप मांडीवर सांभाळू लागले. समोरच्या बंगाली दादांनी पडद्याला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला की मासा सुंदर आहे, पण झोलात, म्हणजे त्यांच्या माशाच्या रश्श्यात, घालण्यासारखा नाही.

मग माझी पाळी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. न कळलेल्याला 'कळलं' म्हटलं असतं तर तिथे टिकलो नसतो. म्हणून सरळ सांगितलं, "काका, मला फरक दिसत नाही."

"पदवी कशात घेतलीस?"

"फिजिक्समध्ये."

"डोळ्यांची फी वेगळी भरायची राहिली वाटतं."

शेवटी गणपतीत त्यांनी काकूंचा व्हिडिओ लावला, तोवर सोफा पडद्याला टेकायच्या बेतात होता. चेहऱ्याच्या जागी मोठमोठे मऊ चौकोन हलत होते. नथ राहू द्या, नाकही सापडेना. मी म्हणालो की ठिपके पडद्यात वाढले, कॅसेटमध्ये कसे वाढतील? काका कोरडा चष्मा पुसत राहिले.

परवा वर गेलो तर सोफा पार मागे, जेवणाच्या टेबलाच्याही पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकलेला. माझा चष्मा त्यांनी मागितला नाही. "इथे बस. बघ," एवढंच म्हणाले. इतक्या लांबून चौकोन विरघळले होते. पडद्यावर काकू होत्या, लहानशा, हातात मोदकांचं ताट, मान वळवून कुणाकडे तरी बघून हसणाऱ्या.

"नथ दिसते का रे?"

"नथ नाही. काकू दिसतात."

"हं," काका म्हणाले. "मलाही."

एवढ्या लांबून जुन्या टीव्हीवरही त्या अशाच दिसल्या असत्या. तेवढं फिजिक्स मला येतं. ते तोंडावर आलंही होतं. पण काकांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि मी सोफ्यावर जरा मागे रेलून बसलो.