पपईला गुंडाळलेला दोरा

२०१७ च्या हिवाळ्यात मी तलासरीजवळच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवत होते. डहाणूहून रोज एसटीने जायचे. त्या दिवसांत मला एका संख्यामालेने झपाटलं होतं. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. फळ्यावर लिहून मुलांना मी छातीठोकपणे सांगितलं, "कुठलंही फूल आणा. पाकळ्या यातल्याच भरणार."

दुसऱ्या दिवशी जास्वंद आली, सदाफुली आली, धोतरा आला. सगळीकडे पाच. मी खूश.

मग मागच्या बाकावरची, फारशी न बोलणारी एक मुलगी उठली. तिच्या हातात मोहरीचं फूल होतं.

"बाई, चारच आहेत."

"एखादी गळली असेल गं."

तिने मूठ उघडली. आत आणखी दहा-बारा फुलं होती आणि प्रत्येकाला चारच पाकळ्या. वर्ग खो-खो हसला. माझे कान गरम झाले. "माझं चुकलं," म्हणाले, "पण का, ते मला माहीत नाही."

त्या उत्तराने तिला काय वाटलं कोण जाणे, शनिवारी शाळा सुटल्यावर ती मला घरीच घेऊन गेली. तिची आई अंगणात नागली पाखडत होती. मुलीने आधीच सगळं सांगितलेलं असावं, कारण आई हसत उठली, गोधडीचा दोरा घेतला आणि मला परसातल्या पपईपाशी नेलं.

"ही पानं बघा, बाई. एकावर एक येत नाहीत."

आम्ही खालच्या एका देठाला दोरा बांधला आणि एकेका देठावरून तो वर नेत गेलो. मुलगी मोजत होती. बरोब्बर त्या खालच्या पानाच्या डोक्यावर आलं ते त्याच्यानंतरचं आठवं पान, आणि तोवर दोऱ्याचे खोडाभोवती तीन वेढे झाले होते. तीन आणि आठ! मी अक्षरशः टाळी वाजवली.

"ताई, झाडाला हे कसं कळतं?" मी तिच्या आईला विचारलं.

"झाड कशाला मोजत बसतंय? नवं पान मोकळी जागा बघून फुटतं. खालच्याच्या डोक्यावर बसलं तर त्याला ऊन कुठून मिळेल?"

पुढे एका पुस्तकात दोन पानं भरून जे वाचलं, ते तिने सूप हातात घेता घेता सांगून टाकलं. प्रत्येक नवं पान जागा शोधतं. आकडे मागाहून आपण मोजतो. म्हणून ते त्या मालेशी पुष्कळदा जुळतात, नेहमी नाही.

सोमवारी मी फळ्यावर 'कुठलंही' खोडून 'पुष्कळदा' लिहिलं आणि दोरा घेऊन वर्ग झाडांची पानं मोजायला मैदानात काढला. एका झाडाला सात पानं भरली, सात तर मालेत नाही, म्हणून पुन्हा मोजणी सुरू झाली, भांडणं झाली. मुख्याध्यापक ओरडायला आले आणि त्यांच्याच हातात दोऱ्याचं टोक देण्यात आलं. घंटा झाली तरी ते सोडेनात.