मारुतीच्या कमरेचं पाणी

नदीवरची माझी डॉक्युमेंट्री पाहून लोक विचारतात, शॉट इतके लांबलचक का ठेवता? घाई करून एकदा तोंडावर आपटले होते, म्हणून.

पेपरात फोटोग्राफर म्हणून लागून तीनच महिने झाले होते. नाशकात गोदावरीचा पूर पंचवटीत नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला. त्या दुपारी पाणी गुडघ्यालाच होतं. मी फोटो काढला, ऑफिसला पाठवला आणि ऐटीत चहाला गेले. पाठवला होता तो मात्र आदल्या वर्षी शिकताना काढलेला, कमरेच्या पाण्याचा. माझ्या लक्षात येईपर्यंत तो वेबसाइटवरून गावोगाव फिरला होता.

आमची वाडी शहराच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. कमरेला पाणी लागलं की तिथले लोक नदीतल्या पाण्याच्या मोटारी काढून वर आणतात. भावाचा फोन आला, "ताई, तुझा फोटो बघून सगळे नदीत उतरलेत. आई पण." कुणी वाहून गेलं तर? पेपरातल्या साहेबांना फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "फोटो वेबसाइटवरून काढतो. उद्या येऊन भेट." नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

आणि तासाभरात धरणातून पाणी सोडलं. संध्याकाळी मारुतीच्या खरंच कमरेला पाणी! वाडीतली माणसं कधीच वर आली होती, मोटारीही वाचल्या. देव पावला म्हणतात तो असा. मी पुलावर उभी राहून चक्क रडले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी यथेच्छ झापलं, पण नोकरीवर ठेवलं.

घरी गेले तर शेजारीपाजारी कौतुक करायला हजर. ते गेल्यावर आईला म्हटलं, "आई, तो फोटो जुना होता गं."

"ठाऊक हाय मला. डाव्या अंगाला काठावर भाजीची टोपली घेऊन मीच तर उभी हाय त्यात."

"मग मोटार कशाला काढलीस?"

"तुझ्या भरवशावर अख्खी वाडी नदीत उतरली. तुझी आईच ओट्यावर बसून राहिली असती, तर तुझा फोटो पुन्हा कोणी खरा मानला असता का? अन् पाणी चढतच होतं की."

मी फोटो उघडून मोठा केला. आई होती. वर्षभर तो फोटो माझ्याजवळ होता, आणि मला ती दिसली नव्हती.