एकाच हाताच्या बारा सह्या

इब्राहिमभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी कतारमध्ये, लुसैलला आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसलो होतो. टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरला. उचलून पाहिलं तर रुकय्याभाभींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव आणि खाली दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. भाभींनी मला आजवर एकदाही मेसेज केला नव्हता, त्यामुळे हा कशाचा असणार हे ऐकण्याआधीच कळलं... आणि तरीही मी मीटिंग संपेपर्यंत थांबलो. पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या कुठल्या फार्मसींचं ऑडिट करायचं, असा विषय होता. माझ्या वाट्याची नावं मी वाचून दाखवली आणि मग जिन्यात जाऊन मेसेज ऐकला. राजापूरजवळच्या गावी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वय एकोणसाठ. भाभी रडत नव्हत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, की तुमच्या ऑफिसातून त्यांच्या नावाचा काही कागद यायचा राहिला असेल तर आता पाठवू नका. याला सहा आठवडे झाले.

मी वसईचा. दोह्यात आलो तेव्हा मुऐदरला एका व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, मी, बायको सँड्रा आणि तीन वर्षांची पोरगी. पोरीला ताप आला म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेलो आणि सँड्रा नि मी काउंटरपाशीच भांडायला लागलो, सिरप आधीच्या डॉक्टरचं द्यायचं की नवीन. पलीकडचा पांढऱ्या दाढीचा माणूस शांतपणे ऐकत होता. भांडण संपल्यावर त्याने स्वच्छ मराठीत सांगितलं, की दोन्ही सिरपं एकच आहेत, फक्त खोके वेगळे. आम्ही दोघंही ओशाळलो. हेच इब्राहिमभाई. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या घरातली एक गोळीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कुणी गिळली नाही. पोरगी मोठी झाली, इंग्रजी शाळेत जायला लागली आणि त्यांच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, तेव्हा ते तिला गंभीरपणे सांगायचे, की पोटदुखी मराठीत सांगितलीस तरच औषध गोड मिळेल. ती हसत हसत मोडकंतोडकं मराठी बोलायची. ते पोरीला जमलं, त्याचं श्रेय माझं नाही.

माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती या लेखातून वगळता येत नाही. कामगाराचा विमा त्याची कंपनी काढते. पैसे विमा कंपनी देते, औषध फार्मसी देते. या दोघांच्या मध्ये आम्ही बसतो. कुठलं औषध मंजूर, कुठल्या भावाने, कुठल्या फार्मसीतून, हे आम्ही ठरवतो, आणि दिलेल्या औषधांचे कागद नंतर आम्हीच तपासतो. कागदात खोट निघाली की दिलेले पैसे परत ओढतो आणि त्यातला वाटा आम्हाला मिळतो. म्हणजे खोट निघाली नाही तर आमचं भागत नाही. इब्राहिमभाईंना हे मी एकदा चहा पिताना बढाई मारावी तसं समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, सरकारी इन्स्पेक्टर येतो तेव्हा त्यांना आनंदच होतो. तो फ्रिज उघडतो, थर्मामीटर बघतो, कुलुपातल्या औषधांची वही तपासतो, यल्ला, म्हणजे चला, म्हणतो आणि जातो. त्याचे नियम छापलेले आहेत, भिंतीवर लावता येतात. "तुमचे नियम खंय मिळतात रे? एकदा वाचू दे तरी." मी हसण्यावारी नेलं. आमचे नियम फार्मसीला दाखवायचे नसतात, हाच आमचा पहिला नियम.

त्यांच्या दुकानात शुक्रवारी एक वेगळीच रांग लागायची. कामगारांच्या कॅम्पवरच्या बारा-बारा जणांच्या खोलीतून एकच माणूस यायचा, सगळ्यांची विम्याची कार्डं रबरबँडमध्ये बांधून. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या, दर महिन्याच्या ठरलेल्या. बारा जणांनी आठवड्याची एकुलती एक सुट्टी बसमध्ये घालवण्यापेक्षा एकाने जायचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. ही पद्धत कुणी काढली कुणास ठाऊक, पण ती होती म्हणून त्या गोळ्या पोटात जात होत्या. इब्राहिमभाई प्रत्येकाच्या पाकिटावर नाव लिहायचे, सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायचे आणि नेणाऱ्याकडून प्रत्येकाची गोळी कुठली ते वदवून घ्यायचे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मागे उभे असलेले लोक वैतागायचे. त्यांचा मुदीर, म्हणजे मॅनेजरही वैतागायचा. यांना ढिम्म फरक पडायचा नाही.

आमच्या फॉर्मवर रुग्णाच्या सहीचा एक चौकोन असतो. शुक्रवारच्या कागदांवर इब्राहिमभाई तो रिकामा सोडायचे, कारण रुग्ण समोर नसायचा. एका ऑडिटमध्ये त्यावरून ताकीद आली. ते माझ्याकडे आले. मी शहाणपणा केला. सांगितलं, की सगळीकडे करतात तेच करा, चार वेगवेगळी पेनं ठेवा आणि चौकोनात काहीतरी गिरवून टाका, बघायला कोण बसलंय. "दुसऱ्याची सही मी करू?" त्यांनी एवढंच विचारलं. मी खांदे उडवले. पुढच्या शुक्रवारपासून त्यांनी आपली वाट काढली. जो औषध न्यायला येईल त्यालाच ते प्रत्येक चौकोनात त्याची स्वतःची सही करायला लावत आणि शेजारी बारीक अक्षरात त्याचं नाव, फोन नंबर आणि कुणासाठी नेलं ते लिहीत. खरं होतं तेच कागदावर आलं. एवढा प्रामाणिक कागद मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिलेला नाही.

सारख्या सह्या शोधणारा प्रोग्रॅम आमच्याकडे नवीन आला होता. चार पेनांनी गिरवलेली दुकानं त्यातून अलगद निसटली. अडकले ते इब्राहिमभाई. एकाच हाताच्या बारा सह्या, बारा वेगवेगळ्या माणसांच्या नावावर. यादी माझ्या टेबलावर आली. दुकानाचं नाव वाचताच मी काय करायला हवं होतं, ते आज मला फार नीट कळतं. त्यांच्या टिपा वाचून दाखवायच्या, तिथल्या एका नंबरवर फोन लावायचा, म्हणायचं की हा माणूस काहीही लपवत नाही. मी काय केलं? ओळखीचा माणूस आहे म्हणून फाईल माझ्याकडे नको, असा मेल पाठवून शेजारच्या टेबलावर सरकवली. साहेबांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं. शेजारच्याने फोनबिन काही लावला नाही. त्याने दोन वर्षांचे शुक्रवार काढले आणि प्रत्येकावर एकच शब्द टाकला, फ्रॉड. आठ दिवसांत दुकान आमच्या मंजूर फार्मसींच्या यादीतून गेलं, पंधरा दिवसांत मालकाने इब्राहिमभाईंना काढलं. तुमचं म्हणणं काय, असं त्यांना कुणीही विचारलं नाही. विचारायची आमच्याकडे तरतूदच नव्हती.

नंतर ते भेटले तेव्हा मला वाटलं होतं, ते पैशांविषयी किंवा नोकरीविषयी बोलतील. त्यांनी दोन्हींचं नाव काढलं नाही. त्यांना तो शब्द खुपत होता. चूक म्हणा, नियमभंग म्हणा, गाढवपणा म्हणा, पण फ्रॉड म्हणजे चोरी, आणि तीस वर्षं औषधं दिलेल्या माणसाने गावी जाऊन मुलांना काय सांगायचं... तेवढा शब्द काढा, बाकी जे केलंत ते असू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. आमच्या कंपनीला त्यांनी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग त्यांनी सरकारदरबारी एक अर्ज करायचं ठरवलं. त्यांच्या कुण्या भाच्याने सांगितलं होतं, की काही देशांत आमच्यासारख्या मधल्या कंपन्यांनाच कायद्याने बांधलेलं असतं. ऑडिटआधी कळवायचं, नियम आधी दाखवायचे, लिहिताना हातून झालेल्या चुकीला फसवणूक म्हणायचं नाही, आणि शिक्षेआधी समोरच्याचं ऐकायचं. असं इथेही व्हावं, असा दोन पानी अर्ज. तो घेऊन ते आमच्या घरी आले. सँड्राने चहा ठेवला. मी त्यांचं इंग्रजी सुधारलं, स्वल्पविराम टाकले, एक परिच्छेद वर घेतला. अर्ज खरंच चांगला झाला.

मग त्यांनी खाली बोट ठेवलं. फार्मसीला नियम दाखवत नाहीत आणि ऐकून घेत नाहीत, हे आत काम करणाऱ्या कुणीतरी सांगितलं तर वजन येईल, म्हणाले. त्यांना माझी सही हवी होती.

सँड्रा ओट्यापाशी पाठ करून उभी होती. नोकरी गेली तर व्हिसा जातो, व्हिसा गेला तर पोरीची शाळा जाते, हे हिशेब इथल्या प्रत्येकाला झोपेतही पाठ असतात. मी म्हणालो, "बघतो, इब्राहिमभाई. इन्शाल्ला." इथे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की अशा वेळच्या इन्शाल्लाचा अर्थ नाही असा असतो. त्यांनी कागदाची घडी घातली. "ऱ्हाऊ दे. तुजी पोरगी शिकतेय," म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

अर्ज त्यांनी एकट्याच्या सहीने दिला. सरकारी कचेरीच्या खिडकीवरचा माणूस सज्जन होता, त्याने सगळा वाचला आणि सांगितलं, की हा दोन खाजगी कंपन्यांमधला करार आहे, तो बघायला आमच्याकडे नियम नाही. नियम नाही म्हणूनच तर अर्ज, असं इब्राहिमभाईंनी त्याला सांगितलं. त्याने तो ठेवून घेतला. पुढे काही कळलं नाही. महिन्याभरात त्यांचं परतीचं तिकीट आलं. निघायच्या आदल्या शुक्रवारी मी त्यांना गाडीतून समैस्म्याला समुद्रावर नेलं. पाण्यात पाय बुडवून आम्ही राजापूरच्या खाडीबद्दल बोललो, वसईच्या किनाऱ्याबद्दल बोललो, माशांचे भाव काढले. त्या सहीबद्दल ना त्यांनी विचारलं, ना मी बोललो. गावी गेल्यावर दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये दोन तास बसा, असा आग्रह झाला तर ते नको म्हणायचे, असं भाभींनी मला नंतर फोनवर सांगितलं. उद्या कुणी विचारलं तिकडून का आलात, तर? म्हणून घरीच बसायचे. दीड वर्ष बसले.

हृदयविकार, असं दाखल्यावर लिहिलंय. लिहू दे. आमच्या धंद्यात कारणाच्या रकान्यात एकच कारण बसतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवीन भरती झाली. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. पडद्यावर खऱ्या केसेस दाखवायच्या, नावं झाकून. सातवी स्लाइड त्यांच्या शुक्रवारची आहे. दुकानाचं नाव काळं केलंय, रुग्णांची नावं काळी केली आहेत, पण बाजूचं ते बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर झाकायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्यासाठी इब्राहिमभाई आता तिथेच आहेत. दर भरतीला भेटतात. मी नेहमीप्रमाणे बारा सह्या दाखवल्या, सारखेपणा समजावला. हैदराबादची एक मुलगी पडद्याच्या जवळ गेली, ते अक्षर वाचायचा प्रयत्न करत राहिली आणि वळून मला विचारलं, "सर, इन बारह लोगों को दवाई मिली थी?"

मी म्हणालो, मिली थी. सबको.

"तो फिर फ्रॉड क्या था?"

वीस जण माझ्याकडे बघत होते. मी आठवी स्लाइड लावली.

स्लाइडची ती फाईल माझ्या नावावर आहे. सातव्या स्लाइडचं शीर्षक मीच टाइप केलेलं आहे आणि ते बदलायला कुणाचीही परवानगी लागत नाही, कायदा लागत नाही, अर्ज लागत नाही. एक शब्द आहे, मोठ्या लाल अक्षरातला. इब्राहिमभाईंनी मला, आमच्या कंपनीला, या सगळ्या व्यवस्थेला तेवढाच एक शब्द काढायला सांगितला होता. हा लेख लिहून पूर्ण झाला, तरी मी तो अजून काढलेला नाही.